सामंत सरांचा लेख

सामंत सर रोज सकाळी आंघोळ करून संगणकासमोर बसतात, डोळे मिटतात आणि बटण दाबतात. मग एकच डोळा उघडून बघतात. चौदा महिने पडद्यावर तेच दोन शब्द: 'अंडर रिव्ह्यू'.

सर बोरीवलीत आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांनी एका शोधपत्रिकेला छापायला लेख पाठवला तो आमच्या मागच्या ओढ्यातल्या खेकड्यांवर. माणूस मालवणचा, त्यामुळे खेकडे नुसते मोजून परत सोडतो यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या नाईककाकू तर जिन्यातच गाठायच्या, "सर, मोजून झालेले इकडे पाठवा हो."

एकदा पडद्यावरचे शब्द तेच राहिले, पण खालची तारीख बदलली. सरांनी आनंदाने अख्ख्या मजल्याला फाफडा-जिलेबी वाटली.

"संपादकाला विचारा ना एकदा," मी म्हणायचो.

"गप रव. आंबो अढीयेत घातलो की उघडून बघूचो नाय." आणि मग शुद्ध मराठीत, "स्थळ बघून गेलेल्यांना आपण फोन करायचा नसतो रे."

पण या एप्रिलमध्ये अढी उघडायची वेळ आली. लेखावर पहिलं नाव सरांचं नाहीच. ते आहे कांबळेमामांचं, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या अटेंडंटचं. "तीन वर्षं दर रविवारी खेकडे धरले त्याने, चावे खाल्ले त्याने. मी फक्त वहीत आकडे लिहिले," हे सरांचं म्हणणं. मामा मेअखेर रिटायर होणार होते आणि निरोपसमारंभात छापलेला लेख त्यांच्या हातात द्यायचा, असं सरांनी ठरवलं होतं.

म्हणून सरांनी संपादकाला पत्र लिहिलं. दीड पान. त्यात सव्वा पान माफी. "तू सोसायटीचा सेक्रेटरी," सर म्हणाले, "जरा आटोपशीर करून दे," आणि आत चहा टाकायला गेले.

आता पत्र हा माझा प्रांत. माझ्या पत्रांनी वॉर्ड ऑफिसातून गटाराची झाकणं आणली आहेत. मी माफी उडवली, 'वारंवार होणारी दिरंगाई' घातली आणि सवयीने शेवट केला: सात दिवसांत कार्यवाही न झाल्यास आम्हांस नाइलाजाने अन्यत्र जावे लागेल. हे सगळं इंग्रजीत, त्यामुळे जास्तच झणझणीत. चहा येईपर्यंत सरांच्याच मेलवरून पाठवूनसुद्धा टाकलं.

चौदा महिने गप्प असलेल्या संपादकाने चार तासांत उत्तर दिलं. आपली इच्छा समजली, लेख मागे घेतल्याची नोंद केली आहे, अन्यत्र शुभेच्छा. एका परीक्षकाचा अभिप्राय अनुकूल आला होता, हेही त्याने सभ्यपणे कळवलं.

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला.

"उत्तर मात्र लवकर दिलंन हो," एवढंच म्हणाले.

मला ओढ्यात उडी मारावीशी वाटली, पण एप्रिलमध्ये त्यात घोट्याएवढंही पाणी नसतं.

रविवारी आम्ही दोघं रिक्षाने जोगेश्वरीला मामांकडे निघालो. कबुली मी द्यायची, असं मी ठरवलं होतं. सर वाटेत मलाच धीर देत होते. "घाबरू नको. लेख तयार आहे, एक अक्षर बदलायचं नाही. रात्री दुसऱ्या नियतकालिकाला पाठवतो. मेमध्ये नाही, पण नाव छापून येईल त्याचं."

मामांनी दार उघडलं, पाणी दिलं, आतून चहा आला. मी घसा साफ केला तेवढ्यात सरच बोलले, "मामा, लेख मागे गेला. माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं."

मामा हसले. "तुम्ही म्हणजे ना सर. मायक्रोस्कोपचा दिवा तरी कधी तुम्ही बंद केलात का? तोपण मीच करायचो."

मग पेला खाली ठेवत त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे आता परत मोजायला लागतील काय?"

मी सरांकडे बघितलं. सर चहावरची साय बघत होते.

"लागतील ना," ते म्हणाले. "पहिल्यापासून. सगळे."

"पण मी तर मेमध्ये सुटलो."

"खेकड्यांना कुठे ठाऊक आहे ते?"

मामांनी आत वळून बायकोला सांगितलं, "अगं, ते माळ्यावरचे गमबूट भंगारात देऊ नकोस. सर रविवारचे येणारेत."