दबलेली कड

खरात काकांच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करतात. चहाचा कप, नवी छत्री, कोथिंबिरीची जुडी, काहीही. मी जालन्यात मस्तगडला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो, तेव्हा त्यांनी माझी पत्र्याची पेटीसुद्धा उलटी करायला लावली. आत पुस्तकं आहेत, असं मी चाचरत सांगितलं. "पुस्तकं ऱ्हाऊ दे. बूड दाखव," ते म्हणाले.

काकांची सगळी नोकरी एका बियाण्यांच्या गोदामात पोती तपासण्यात गेली. शिवण कुठं उसवली, कड कुठं दबली, हे त्यांच्या अंगठ्याला आधी कळायचं. नोकरी संपली, अंगठा तसाच राहिला.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे लेबल. "लेबल म्हणजे जबान," असं ते म्हणतात. लेबलवर जी किंमत, तिलाच माल मिळाला पाहिजे. एकदा साबणाच्या लेबलपायी त्यांनी अख्खी रांग खोळंबून ठेवली. मागच्या बाईंची तेवढ्यात पिशवीतली मेथी निवडून झाली. कस्टमर केअरला फोन लावला तर आधी पलीकडच्या मुलीचं गाव विचारतात, मग जेवण झालं का ते, आणि तक्रार सगळ्यात शेवटी.

अशा माणसाच्या घरात व्हिडिओ गेम असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी टेंभुर्णीचा, आमच्या घरातून कॉलेजला आलेला पहिलाच. तो खेळ मी फक्त जाहिरातीत पाहिला होता. काकांचा मुलगा अमोलदादा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्याचा जुना गेम इथंच राहिला. तो सुट्टीला आला की बापलेक टीव्हीसमोर बसून मोटारी पळवतात.

"तुझी काकू व्हती तवर आमच्या दोघांतलं बोलणं तीच करायची," काका एकदा म्हणाले. "आता तो म्हणतो बरं हाय, मी म्हणतो बरं. संपलं. गाड्या सुटल्या की मंग दोघं बी मनसोक्त भांडतो."

पण मागच्या सुट्टीत अमोलदादा म्हणाला की हा गेम आता पाठ झाला, आणि दुपारभर झोपून राहिला. तेव्हापासून काका नव्या गेमच्या मागे होते. पुरी किंमत त्यांना झेपणारी नव्हती, म्हणून सेलची वाट पाहत होते.

दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या दुकानात सेल लागला. इंग्रजी वाचायला काकांनी मला सोबत नेलं. टोपलीत गेमचे डबे रचून ठेवले होते. त्यात अमोलदादाने फोनवर नाव घेतलेला गेम सापडला, एकच, आणि लेबलवरची किंमत इतकी कमी की मी घाबरलो. चूक झाली असेल, म्हणालो.

"चूक कशी? लेबल म्हणजे जबान."

काउंटरवर कॉम्प्युटरने किंमत दहापट दाखवली. तिथल्या मुलीचा चेहरा उतरला. मोबाइलच्या कव्हरवर लावायचं लेबल तिने गेमवर लावलं होतं. काकांनी लगेच मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर फार अदबीचे. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि लेबलवर आहे तेवढेच द्या, आमच्याकडे गिऱ्हाईक पहिलं, असं सांगितलं. काकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

मग मॅनेजर त्याच गोड आवाजात त्या मुलीला म्हणाले, "बाकीचे तुझ्या पगारातून कापू."

"हो सर," ती म्हणाली.

खिशाकडे गेलेला काकांचा हात थांबला. "कुठली गं तू?"

"वाटूरची."

"नवीन लागली?"

"दसऱ्याला लागले, काका."

काकांनी डबा उचलला. उलटा केला, सरळ केला, पुन्हा उलटा केला. कडेवरून अंगठा फिरवला.

"ही कड दबलेली हाय. न्हाई पाहिजे मला."

डबा नवाकोरा आहे, सीलसुद्धा तसंच आहे, असं मॅनेजर समजावत राहिले. "साहेब, जिंदगी पोती तपासण्यात गेली माझी," काका म्हणाले. "दबलेला माल मी घरात नेत न्हाई." जाता जाता मुलीलाही झापलं, "अन् तू लेबल लावताना जरा बघत जा." तिने तोवर नखाने ते लेबल खरवडून काढलं होतं.

रस्त्यावर आल्यावर मी भीत भीत म्हणालो, "काका, कड दबलेली नव्हती."

"तू गोदामात व्हता का?"

"नाही."

"मंग?"

दिवाळीला अमोलदादा आला. मी दुसऱ्या दिवशी गावी निघणार होतो, म्हणून काकांनी फराळाला खाली बोलावलं. गेमचा विषय निघालाच.

"अख्ख्या जालन्यात एक धड डबा सापडला न्हाई का बाबा तुम्हाला?"

"सापडल्ता. दबलेला निघाला."

अमोलदादा माझ्याकडे वळला. "खरं का रे? का चिंगूसपणा केला यांनी?"

मला खोटं बोलता येत नाही. आई माझे लाल झालेले कान बघूनच ओळखते. काका टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.

"दबलेली होती कड," मी म्हणालो. "मी पाहिली."

अमोलदादा हसला. "म्हणजे तिथं बी पोती तपासली तुम्ही," म्हणत त्याने जुनाच गेम लावला. थोड्या वेळात ओरडायला लागला, "बाबा, उलट्या दिशेनं निघाले तुम्ही."

"गप रे. रस्ता बराबर हाय का बघून राह्यलो."

काकांनी सरकून मला सतरंजीवर जागा केली. मी दिलेली भाड्याची नोटही ते उलटी करून पाहतात. माझं ते एक वाक्य मात्र त्यांनी उलटं न करता तसंच ठेवून घेतलं.