शेवंतीत बसवलेली मेंढरं

नानासोंनी आयुष्यात स्वतःच्या बुद्धीनं घेतलेले निर्णय तीनच. पहिला, भर जूनमध्ये छत्री देऊन मफलर घेतला तो. दुसरा आपण सोडून देऊ. सासरवाडीत त्याची चर्चा अजून चालू आहे. आणि तिसरा चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षातला, ज्याच्यापुढं पहिले दोन अगदीच किरकोळ वाटावेत असा.

हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यावर नानासोंनी साताऱ्यात, गोडोलीच्या अंगाला घर बांधलं. घरामागं दोन गुंठे जागा राहिली. तीस वर्षं बदलीच्या गावोगावी डालड्याच्या डब्यात तुळस जगवलेल्या विजयमालाबाईंनी पदर खोचला आणि त्या जागेत बाग केली. आणि बाग म्हणजे काय बाग हो! त्या थंडीत तर तिनं कहरच केला. शेवंती पिवळी, पांढरी, वांगी रंगाची. कुंपणावर पावट्याचा वेल जांभळ्या तुऱ्यांनी लगडलेला. धण्यांसाठी राखलेल्या कोथिंबिरीला पांढरी बारीक फुलं आलेली. सकाळी अजिंक्यताऱ्यावरचं धुकं खाली उतरायचं आणि जरंड्याच्या डोंगराच्या बाजूनं ऊन आलं की पानापानाच्या टोकाला एकेक थेंब पेटायचा. ज्यांनी तीस वर्षं फायलीतून मान वर केली नव्हती ते नानासो मागच्या पायरीवर कपबशी धरून उभे राहायचे. चहावर साय धरायची, पण हे हलायचे नाहीत. एवढं सगळं रोज सकाळी फुकट चालू असतं आणि आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असं त्यांना वाटायचं.

"बघा, डोळं भरून बघा," विजयमालाबाई म्हणायच्या. "पण हात लावू नका."

याला कारण होतं. आदल्या वर्षी गुलाबाला थंडी वाजत असेल म्हणून नानासोंनी त्याला ऊन पाणी घातलं होतं. (पाणी कोमटच होतं, असं ते अजून म्हणतात. गुलाब मात्र काही म्हणायला राहिला नाही.)

तर अशात विजयमालाबाई सांगलीला, थोरल्या बहिणीकडं गेल्या. बहीण हरणाबाई. विश्रामबागेत बंगला, दाराशी माळी, आणि बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला डेलिया. बुधवारी कार्ड आलं. 'रविवारी आक्का बाग बघायला येणार आहे. झाडांना पाणी घाला. दुसरं काही करू नका.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

त्या दोन रेघा नानासोंच्या काळजात घुसल्या. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण आपण केलेलं काही बघून ही बाई एकदाही 'वा' म्हणाली नाही. पगाराला नाही, प्रमोशनला नाही, घराला तर "मोरी उलटी झाली" एवढंच म्हणाली. आता थोरल्या बहिणीसमोर तिनं आपल्यासाठी एक 'वा' म्हणावं, मग डोळे मिटले तरी चालेल, असं त्यांना फार मनापासून वाटलं. आणि तेवढ्यात कचेरीतून आणलेल्या एका सरकारी पुस्तिकेत त्यांना ओळ सापडली: मेंढ्या रात्रभर शेतात बसवल्याने जमिनीस उत्कृष्ट खत मिळते.

गुरुवारी दुपारी रस्त्यानं साठेक मेंढरं चालली होती. मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला बिराप्पा. माणदेशातनं दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचा आणि ज्याच्या रानात मेंढरं बसवेल त्याच्याकडनं जोंधळे घ्यायचा, हा त्याचा दरसालचा शिरस्ता.

"आमच्यात बसवता का, एक रात्र?" नानासोंनी विचारलं.

"बसवू की. रान किती?"

"दोन गुंठे."

बिराप्पानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "पीक काय हाय?"

"फुलझाडं आहेत."

"आवं सायेब, मग मेंढरं—"

"मला एक सांगा, दिवसभर चरलीत ना ती?"

"व्हय, चरल्याती की."

"पोट भरलंय?"

"तट्ट."

"मग झालं तर!" नानासोंनी विषय मिटवला. जेवून उठलेला माणूस पुन्हा ताटावर बसत नाही, मग मेंढरू तर किती साधं जनावर! बिराप्पाला मात्र वाटलं, साहेबाला जागा साफ करून हवी असेल. शिकलेल्या माणसांचं डोकं लई चालतं, आपण कशाला मधी पडा.

दिवस मावळताना बोळाच्या फाटकातून कळप आत गेला. नानासोंनी बिराप्पाला चहा दिला, जोंधळे दिले, आणि थंडी फार म्हणून खिडक्या लावून अंथरुणात शिरले. झोपेत कुरुमकुरुम असा आवाज कानावर येत होता. पण थंडीनं आपलेच दात वाजत असतील, असं समजून ते समाधानानं कुशीवर वळले.

सकाळी दार वाजलं. रविवारला दोन दिवस होते, पण सांगलीहून कुणाची तरी जीप पहाटेच साताऱ्याला निघाली आणि तीत बसून दोघी बहिणी दारात हजर! "आक्का, चहा मागनं. आदी बाग बघ," असं म्हणत विजयमालाबाई हातातल्या पिशवीसकट घरातून सरळ मागच्या दाराकडं गेल्या. नानासो मफलर सावरत मागोमाग धावले. दार उघडलं.

बाग नव्हती. पान नव्हतं, फूल नव्हतं, वेल नव्हता. नुसते खुंट. नानासोंनी डोळे मिटून घेतले आणि आता आकाश कधी कोसळतंय याची वाट बघत उभे राहिले.

आकाश कोसळेना. त्यांनी एक डोळा उघडला.

धुक्यात साठ मेंढरं बसली होती. रात्रभराचं दव त्यांच्या लोकरीवर पडलेलं, केसाकेसाला एकेक थेंब, आणि नुकतं आलेलं ऊन त्या साठ पाठींवरून हळूहळू सरकत होतं. सगळ्यांच्या श्वासाची वाफ एकदम वर जायची, एकदम थांबायची. अख्खी जमीनच श्वास घेतेय की काय असं वाटत होतं. पिवळ्या शेवंतीच्या जागी एक मेंढी पहाटे व्यालेली, आणि तिच्या पोटाशी ओलंकिच्च कोकरू चारी पाय कापत उभं राहायला बघत होतं. पडलं. पुन्हा उठलं. बिराप्पानं घोंगड्यातनं हात बाहेर काढून ओठावर बोट ठेवलं. नानासोंनी दुसराही डोळा उघडला. भीती तर ते विसरूनच गेले होते.

कोकरू उभं राहिलं. विजयमालाबाईंच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"आई गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "किती देखणं दिसतंय हे!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

हरणाबाईंना डेलियाची आठवणही झाली नाही. "विजे," त्या म्हणाल्या, "आमच्यात माळी हाय, पण आमच्या बागेत असलं कवा बगितलं न्हाई मी."

बत्तीस वर्षांनी! तेही थोरल्या बहिणीसमोर! नानासोंची छाती मफलरात मावेना. "मीच बसवली," ते म्हणाले. "खास तुझ्यासाठी."

विजयमालाबाईंनी डोळे पुसले आणि वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"शेवंती?"

"खाल्ली."

"पावटा?"

"तोही."

"कोथिंबीर?"

नानासो पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"एवढं सगळं खाल्लं," विजयमालाबाई म्हणाल्या, "आणि तुम्हाला तेवढं बरं सोडलं!"

आता यावर बिराप्पानं गप्प बसायला काय हरकत होती? पण त्याला वाटलं, आपल्या मेंढरांवर आळ येतोय. तो घोंगडं झटकत उठला आणि अगदी मनापासून म्हणाला:

"न्हाई मालकीणबाई, मेंढराला सगळं कळतंय. जे कशाच्याच कामाचं न्हाई, त्येला ते तोंड लावत न्हाई."