वाचकयंत्र कोणी घडविले आणि कोठे नांदले याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि ज्याने प्रथम आपली विद्या कुलपात न ठेविली त्या अनामिकासही नमन. शके एकोणीसशे बत्तीस, विकृती नाम संवत्सर, ते समयी राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहितो.

राज्यात संगणकाच्या आज्ञावली घडविणारी दोन घरे होती. एक झाकली कोठी, तेथील कारागिरी परक्याचे दृष्टीस पडू देत नसत. दुसरा खुला कारखाना, त्यास दार होते परंतु कडी नव्हती. कोणीही यावे, घडणीचे मर्म पाहावे, सुधारावे, न्यावे आणि वाटावे, ऐसा रिवाज. लोक कुचेष्टेने म्हणत, "फुकटच्या कारखान्यात नवं काय निपजणार? कोठीचं पाहून गिरवतात झालं." हे बोल कारखान्याचे मुख्य विसाजीपंत दामले यांचे जिव्हारी लागत.

पंतांच्या मातोश्री भागीरथीबाई, यांची दृष्टी मंदावली आणि मग पुरती गेली, आणि नित्याची पोथी वाचणे राहिले, आणि पोथीवाचून बाईंस अन्न गोड लागेना. मग पंतांनी आण घेतली की आईची पोथी आईस ऐकवीन तरच नावाचा, आणि मंडळी जमविली, आणि तहानभूक विसरोन वाचकयंत्र सिद्ध केले. छापील पान समोर धरावे आणि यंत्राने स्पष्ट मराठी वाणीने वाचावे, जोडाक्षरास अडखळू नये, ओवीचा ठेका चुकू नये, ऐसी चीज कोठीत नव्हती, कोठेच नव्हती. कारखान्यात पेढे वाटले. परंतु घात तो येथेच जाहला. यंत्र सुरू करणे तर पडद्यावर आज्ञा लिहावी, उत्तर वाचावे, मग पुढील आज्ञा लिहावी. आंधळ्यांकरिता यंत्र केले आणि ते उठविण्यास डोळे लागत! इतक्या बुद्धिवंतांत हे एकाचेही ध्यानी आले नाही, कारण त्यांस आज्ञा लिहिण्यातच गोडी. पंत घरी असले म्हणजे सुरू करून देत, आणि पंत बहुधा कारखान्यातच असत.

मग एके दिवशी भागीरथीबाई शेजारीण गोदूताईंचा हात धरून कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुमचं यंत्र बोलतं छान, पण त्याला उठवायचं कसं? हाताला लागेल असं एक बटण बसवा की." मानाजी ढवळे म्हणून थोर कारागीर कामात गढले होते, त्यांनी मान वर न करिता रिवाजाचे उत्तर दिधले, "आजी, दार उघडं आहे. ज्याला उणं दिसलं त्यानंच ते भरावं. बटण करून आणा, आम्ही लावतो." हे उत्तर ते येईल त्यास देत, त्यात दुष्टावा नव्हता. बाई हसून म्हणाल्या, "मला दिसलं असतं तर इथवर कशाला आले असते, बाबा?"

पंत मुख्य आसनी होते. उठून बटण बसवावे, घटकाभराचे काम. परंतु रिवाज त्यांचाच, आणि आईसाठी मोडिला तर लोक पक्षपात म्हणतील, हे भय पोटी धरिले आणि म्हणाले, "आई, सभा ठरवील. थोडी कळ काढ." आम्हांस त्यांचा राग येतो तो याच स्थळी.

मग कारखान्यातील मंडळींची सभा बसली. बटण डावीकडे असावे की उजवीकडे, गोल की चौकोनी, यावर वाद पेटला, आणि मग कोणी म्हणाले की बटणाने मनुष्य आळशी होतो, सबब बटण असावेच का, आणि वाद चिघळोन मानाजी निम्मी मंडळी घेऊन निघाले आणि पलीकडे दुसरा कारखाना मांडिला, आणि तेथेही बटणाचा निर्णय होईना. इकडे कोठीची माणसे उघड्या दाराने आली, सगळी घडण पाहिली आणि उचलून नेली. त्यास चोरी म्हणता येत नाही, परवानगीच तैसी होती. त्यांनी वर झाकण घातले, पेढ्याएवढे एक बटण बसविले आणि यंत्र राज्यात घरोघरी पोहोचविले. लोक म्हणाले, अक्कल असावी तर कोठीची!

हे वर्तमान पंतांस कळले तेव्हा त्यांनी सभेस न पुसता स्वहस्ते बटण बसविले. बैल गेला आणि झोपा केला. यंत्र काखेत मारून घराकडे धावले, तो ओसरीवर पोथीचे बोल कानी आले. बाई भिंतीस टेकून ऐकत होत्या. चाहूल लागताच बटण दाबून यंत्र थांबविले आणि म्हणाल्या, "आलास? बैस. गोदूनं कोठीचं यंत्र आणून दिलं. पोथी पुरी झाली माझी, आता दुसऱ्यांदा लावलीये."

पंत म्हणाले, "बरं वाचतं का गं?"

"अगदी तुमच्यासारखं. तुमचं वाईट नव्हतं रे, पण मला ते उठवता येईना, आणि तुला हाका किती मारायच्या?" मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "ज्यानं हे केलं ना, त्याचा आईवर फार जीव असणार. कोठीत कुणी ओळखीचं असेल तर माझा आशीर्वाद कळव त्याला."

पंत "कळवतो" म्हणाले. काखेतले यंत्र त्यांनी दाराबाहेर ठेविले आणि आईजवळ बसून पोथी ऐकिली.

तात्पर्य, खुल्या कारखान्यास नवे काढणे साधले, यात संशय नाही. लोकांचे घरी शिरणे साधले नाही, कारण दारास कडी नसली तरी आलेल्यास या, बसा म्हणणारे कोणी नव्हते. बाई सुखी जाहल्या, हे लिहिले पाहिजे. पंत त्यानंतर कारखान्यात गेले नाहीत. वर्तमान इतकेच.