चौकटीवरची किल्ली

पाहुणे पोहे संपवून मुद्द्यावर आले, तेव्हा सत्यमच्या घराच्या पुढच्या खोलीतला संगणक जात्यासारखा घरघरत होता. वत्सलाबाईंनी लेकाच्या त्या यंत्रावर कशिद्याचा रुमाल टाकला होता. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू अजून यंत्राच्या कपाळी होतं.

आष्टीचे राधाकिशन मामा लेक योगितासाठी चौसाळ्याला घर बघायला आले होते. अट एकच : पोरापोरींची आधीची ओळख नको. सत्यमने योगिताला कधी पाहिलंसुद्धा नाही, असं मध्यस्थ रामहरीने छातीवर हात ठेवून सांगितलं. सत्यमने मान खाली घातली. मामांना तो विनय वाटला.

"ह्यो डबा रात्रंदिस कावून चालतोय?" मामांनी विचारलं.

"बिटकॉइनचा हाय, मामा. जगात कुणी कुणाला नाणं दिलं ते तपासतो. न खर्चलेल्या नाण्यांची नोंद ह्याच्या पोटात ऱ्हाती. मलाबी दोस्तानं एक बारकुसा तुकडा धाडलाय."

"दाखीव."

सत्यमने मोबाइल काढला.

"मोबाइलवर कुणीबी कायबी दाखवतंय. डब्याच्या पोटातलं दाखीव. न्हाईतर उद्या आमी दुसरं स्थळ बघतो."

पोटातलं बघायचं तर आधी चालू यंत्र थांबवावं लागतं. सत्यमने थांबवलं. घरघर बंद पडली.

"अगं माय! दिष्ट लागली त्याला," वत्सलाबाई म्हणाल्या आणि पाहुण्यांसमोरच मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. रामहरी खोकत अंगणात गेला, तिथून खोकतच परत आला.

तोवर पडद्यावर अक्षरांचा नुसता ढिगारा उभा होता.

"वाच."

"असं वाचता येत न्हाई, मामा. आतलं अक्षर न् अक्षर एका किल्लीनं फिरवून ठिवलंय."

"मग लाव की किल्ली."

सत्यमने सेटिंगमध्ये शोधली, वॉलेटच्या फोल्डरमध्ये शोधली, जुना पेनड्राइव्ह पालथा घातला. हाती लागेल ते लावून पाहिलं. एका किल्लीने तर दोस्ताने त्याला साऱ्या जगात आहेत त्याहून जास्त नाणी दिलेली निघाली. रामहरी खुर्चीत सरळ होऊन बसला. पुढच्या किल्लीने ती गेली. रामहरी पुन्हा टेकला.

"थांब बे," मामा म्हणाले. "आमची योगिता हेच शिकलीय बीडला. तिलाच इचारू."

"तिला कशाला तरास, मामा?" सत्यम घाईने म्हणाला. मामांनी फोन लावून स्पीकर चालू केला आणि पोराची अडचण सांगितली.

"अवो आबा, ती किल्ली त्याच डेटाबेसमधी आसती. दुसरीकडं हुडकायचीच न्हाई."

"कुलपाशेजारीच किल्ली? मग लपवलं कुणापासून?"

"लपवायला न्हाईच ती. अँटीव्हायरसनं आतलं कायबाय बघून उगं फाइल खाऊ नये, म्हणून नुसतं अक्षर फिरवायचं. लेकराच्या गालाला तीट लावत्यात ना, तसं."

वत्सलाबाईंनी मान डोलावली. इतक्या वर्षांत लेकाला जे समजावता आलं नव्हतं, ते त्यांना एका वाक्यात कळलं.

"त्यांना म्हणावं, लांब कशाला जाता?" योगिता रंगात आली होती. "तुमच्या घराची किल्ली न्हाई का दाराच्या चौकटीवर, डाव्या अंगाला आसती? तशीच हीबी जवळच सापडंल."

"अगं बया!" फोनमधून आलं. मग फोन आपोआप बंद झाला.

वत्सलाबाई घाईने पोह्यांच्या बशा गोळा करू लागल्या. सत्यमला दुसरं काहीच सुचेना, म्हणून त्याने किल्ली शोधली. ती तिथेच होती. ढिगारा उकलला, जागा वाचवायला दाबून बसवलेला आकडा सुटा झाला, आणि दोस्ताचा बारकुसा तुकडा सांगितला होता तेवढाच पडद्यावर आला. तिकडे कुणी बघितलं नाही.

मामा उठून दाराशी गेले. हात वर करून चौकटीच्या डाव्या अंगाला चाचपलं. किल्ली निघाली. त्यांनी ती उपरण्याने पुसली, उलटीसुलटी केली आणि होती तिथे ठेवली.

"रामहरी, वळख न्हाई म्हणला व्हतास."

"छातीवर हात ठिवून म्हणलो व्हतो," रामहरी म्हणाला.

मामांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"म्हंजे तुझी ती शपथबी तीटच म्हणायची," ते म्हणाले आणि पायात वहाणा सरकवल्या. "विहीणबाई, किल्ली आता उजव्या अंगाला ठिवत जा. डावीकडची गावभर झालीय."