नायकाचा मित्र

जुन्या कादंबरीत नायकाचं लग्न लागलं, की आमचे गांगुर्डे भयंकर चिडायचे.

नाशिकच्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं समोरासमोर होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाकी सगळे रहस्यकथा वाचायचे. गांगुर्डे मात्र वाचनालयाच्या तळाच्या कपाटातून शतकाच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या उकरून आणायचे. त्यांची पानं पापडासारखी मोडायची. मग डबा खाता खाता ते आम्हाला गोष्ट सांगायचे. विधवा नायिका बोलू लागली की त्यांचा आवाज नाजूक व्हायचा, पदर सावरावा तसा हात खांद्याकडे जायचा, आणि कुणाला हसूसुद्धा यायचं नाही.

"या लेखकांना बाईची भारी धास्ती हो मोरे," ते मला म्हणायचे. "तिनं जरा मनासारखं प्रेम केलं, की लावला क्षय! खोकून खोकून मारली बिचारीला."

पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. या कादंबऱ्यांत नायकाला हमखास एक जिवलग मित्र असे. दोघं एका खोलीत राहत, एका ताटात जेवत. प्लेगात सगळे पळून गेले तरी हा नायकाच्या उशाशी बसून राही. पुढं नायकाचं लग्न होई आणि मित्र पुस्तकातून नाहीसा होई.

"गेला कुठं तो?" गांगुर्डे डब्याचं झाकण आपटत. "बाईला निदान क्षय तरी! याला साधा खोकलासुद्धा नाही?"

शेवटची पानं कुणीतरी फाडली असणार, असं म्हणत एकदा ते वाचनालयात जाऊन भांडले. ग्रंथपालांनी 'समाप्त' हा शब्द बोट ठेवून दाखवला.

"हे नायकाचं समाप्त," गांगुर्डे म्हणाले. "मित्राचं दाखवा."

स्वतः ते बिनलग्नाचे. पन्नाशीजवळ आले तरी कुणी ना कुणी स्थळ सुचवायचं. "पत्रिका जुळत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

"अहो, तुम्ही बौद्ध. तुम्ही कुठं पत्रिका मानता?"

"म्हणूनच जुळत नाही!"

एके दुपारी पांढरी टोपी घातलेले एक धिप्पाड गृहस्थ दारात उभे राहून अहिराणीत चौकशी करू लागले. "गांगुर्डे आठेच शे का?"

गांगुर्डे इतक्या घाईनं उठले की खुर्ची आडवी झाली. हे दगाजी, सटाण्याकडचे कांद्याचे शेतकरी. शिकताना आणि नोकरीच्या सुरुवातीला दोघं पंचवटीत एका खोलीत राहायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग दगाजींचं लग्न झालं आणि ते गावी गेले ते गेलेच. आता मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले होते. गांगुर्ड्यांनी स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसून त्यांना बसवलं, आणि एवढा बोलका माणूस पाऊसपाण्यापलीकडे काही बोललाच नाही.

दगाजी गेल्यावर ते मला म्हणाले, "मोरे, तुम्ही पण चला. एकट्यानं जायला कसंसंच वाटतं."

सटाण्याच्या एसटीत ते सारखा भांग पाडत होते. मांडवात शिरले, ते मात्र थेट मागच्या रांगेत जाऊन बसले. दगाजी मानपान, वऱ्हाडी, आहेर यांत बुडालेले. आमच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला राग आला.

"मुलीचा बाप आहे तो," गांगुर्डे म्हणाले. "त्याला कुठली फुरसत?"

पंगत बसली. वाढप्यानं गांगुर्ड्यांच्या पत्रावळीवर लाडू ठेवायला हात पुढे केला, तोच मांडवाच्या त्या टोकाकडून दगाजी ओरडतच आले.

"त्याले लाडू नको वाढू! त्यानी डावी दाढ दुखस. शिरा आन, शिरा!"

मला हसू फुटणार होतं. गांगुर्ड्यांचे सगळे दात कधीच जाऊन कवळी बसली होती, आणि त्यावरून कचेरीत त्यांची भरपूर थट्टाही झाली होती.

दगाजी त्यांच्यापुढे वाकले. "अजून दुखस का रे?"

गांगुर्ड्यांनी डाव्या गालावर हात ठेवला.

"दुखते," ते म्हणाले.

व्याही हाका मारत होते. पण शिरा येईपर्यंत दगाजी तिथंच, पत्रावळीसमोर, उकिडवे बसून राहिले.