मार्लिसच्या गाडीचं चौथं चाक

ऑर्व्हिलचं म्हणणं असं, की चाकं असलेली कुठलीही वस्तू त्याच्यापुढे शहाण्यासारखी वागते. एकतीस वर्षं मिनेसोटातल्या थंडीत शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्यामुळे थोरली बहीण मार्लिस फोनवर म्हणाली, की गाडीत टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागलाय आणि हवा भरली तरी विझत नाही, तेव्हा तो म्हणाला, "कॉफी टाक. ती होईपर्यंत दिवा गेलेला असेल."

तो धावत गेला खरा, पण दिव्यासाठी नव्हे. मार्लिसचा नवरा वेंडेल, विचारलेल्याचं उत्तर सावकाश देणारा माणूस, सप्टेंबरात गेला. तेव्हापासून ॲरिझोनातली लेक 'घर विकून इकडे ये' म्हणून मागे लागली होती, शेजारचा कर्टिस घर घ्यायला टपला होता, आणि आज दहाला तो सहीसाठी कागद घेऊन येणार होता. ऑर्व्हिलला ना बायको ना पोर. बहीण गेली की रविवारचं जेवण गेलं, आणि हक्काने भांडायचं माणूसही गेलं. यातलं एक अक्षर तो तिच्याजवळ बोलला नव्हता. असलं काही बोलून दाखवायची त्या घराण्यात रीतच नव्हती.

नोव्हेंबरची सकाळ. तळ्यावरून धुकं चढून अंगणात आलं होतं. वीस पावलांवरची वेंडेलची शेडसुद्धा दिसेना. कुत्रं भुंकत नव्हतं, कावळा ओरडत नव्हता. मार्लिस वेंडेलचा कोट घालून, कप हातात धरून पायरीवर उभी होती. लांबून कोटच तेवढा दिसे, आणि ऑर्व्हिलला ते काही बरं वाटेना.

"ही गाडी त्याची," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही."

"गाड्यांना कान नसतात," म्हणत ऑर्व्हिलने किल्लीवरची दोन बटणं दाबून धरली. हॉर्न दोनदा वाजला. म्हणजे गाडी आपली चाकं नव्याने ओळखायला तयार झाली. पुढचं काम सोपं. एकेका चाकातली थोडी हवा सोडायची. आतलं इवलंसं यंत्र गाडीला खबर देतं, आणि खबर पोचली की हॉर्न एकदा वाजतो. चार चाकं, चार हॉर्न, शेवटी काम झाल्याचे आणखी दोन, दिवा बंद. एवढं बहिणीला आधी सांगायला काय झालं होतं? पण जाणकार माणसं सांगत बसत नाहीत.

पहिल्या चाकाशी उकिडवं बसून त्याने हवा सोडली. फुस्स.

"वेंडेल, बघतोयस ना रे?" मार्लिस पुटपुटली.

पँ.

तिने शेडच्या बाजूला मान वळवली. ऑर्व्हिल दुसऱ्या चाकाकडे सरकला.

"तुझी होडी मी चर्चला देऊन टाकली," आता तिचा आवाज चांगला मोठा होता. "रागावला नाहीस ना?"

पँ.

"अगं मार्लिस, तो टायर आहे, मी इथून..."

"तू मध्ये बोलू नकोस. आमचं चाललंय."

तिसरं चाक.

"तिकडे थंडी आहे का रे?"

पँ.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "कोट इथेच ठेवून गेला."

ऑर्व्हिलला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या धुक्यात, त्या कोटाकडे बघून, मानेवरचे केस उभे राहिले. तो मुकाट्याने मागच्या डाव्या, म्हणजे चौथ्या चाकाशी जाऊन बसला.

"आता शेवटचं विचारते," मार्लिस जवळजवळ ओरडलीच. "हे घर मी विकू नये, असंच तुला वाटतं ना?"

ऑर्व्हिलचं बोट हवेच्या तोंडावर होतं. एकदा दाबलं की बहीण जन्मभर इथेच. देवाशप्पथ सांगायचं तर त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पण मेलेल्या मेहुण्याच्या नावाने हॉर्न वाजवायचा, हे काही त्या पापभीरू माणसाला जमेना. त्याने हात काढला, उठला, आणि दोन्ही हात वर करून तीन पावलं मागे सरला.

पँ.

आणि मग, जरा थांबून, पँ पँ.

कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात शेडच्या बाजूने आवाज आला, फुस्सऽऽऽ, कुणीतरी अडवून धरलेला श्वास सोडावा तसा. त्याने गाडीत डोकावून पाहिलं. पडद्यावर तीन चाकांची हवा अठ्ठावीस, एकोणतीस, अठ्ठावीस. चौथ्याची बहात्तर. बहात्तरला तो टायर दगडासारखा कडक लागायला हवा. त्याने दाबून पाहिला तर मऊ.

पाना हातात घेऊन तो शेडकडे निघाला. तोंडाने प्रार्थना चालू होती, जेवणाआधीची, कारण दुसरी पाठ नव्हती. धुक्यात कुणीतरी वाकलेलं दिसलं. हातात वेंडेलचा हवेचा पाइप.

"वेंडेल?"

"कर्टिस," ती आकृती म्हणाली. "ट्रकमध्ये हवा कमी होती. वेंडेल असतानाही मी इथेच भरायचो. शेड उघडीच असते."

शेडमागे कर्टिसचा दांडगा ट्रक उभा. गाडी आणि ट्रक एकाच कंपनीचे. चौथ्या चाकाची वाट बघणाऱ्या गाडीला त्याच्या टायरची खबर लागली होती, आणि तिने तोच आपला मानला होता.

कर्टिस कागद घेऊन पायरीशी आला.

"वेंडेल नको म्हणतोय," मार्लिस म्हणाली.

कर्टिसने टोपी काढली, गाडीकडे पाहिलं, पुन्हा टोपी घातली. "ऐकलं मी. मग काय... बरोबरच आहे." मार्लिसने पुढे केलेल्या केकला त्याने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा मोठा तुकडा घेतला आणि तो गेला.

ऑर्व्हिलला आनंद झाला होता, पण तो खोट्यावर उभा होता. दुसऱ्या कपाला त्याने सांगून टाकलं. "मार्लिस, तो शेवटचा हॉर्न वेंडेलचा नव्हता. कर्टिसच्या टायरचा होता."

"असेल. पहिले तीन तुझे होते, एवढं कळलं मला. तुझं फुस्स झालं की गाडीचं पँ." तिने साखर ढवळली. "कर्टिसचा ट्रक मी मघाशीच ऐकला होता. दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ काढतो तो. त्याला तोंडावर नाही कसं म्हणू? म्हटलं, वेंडेललाच म्हणू द्यावं, आणि ते त्याच्या कानावर पडावं. म्हणून ओरडत होते घसा फोडून. आणि तू! नेमक्या वेळी हात वर करून उभा. भाऊ म्हणवतोस."

ऑर्व्हिलने विचारलं, "म्हणजे तो वेंडेल असेल, असं तुला एकदाही वाटलं नाही?"

मार्लिसने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"चार प्रश्न विचारले, चारही वेळा लगेच उत्तर," ती म्हणाली. "एकेचाळीस वर्षं संसार केलाय मी त्याच्याशी."