अण्णाजींनी वजनावर घेतलेलं सॉफ्टवेअर

"याचं वजन किती?" अण्णाजींनी विचारलं.

"मामाजी, सॉफ्टवेअरले वजन नसते," सून वर्षाली म्हणाली.

"मंग थे एमबी काय असतात? वाच."

वर्षालीने कपाळावर हात मारून घेतला नाही, कारण ती सून होती. आर्वीच्या बाजार समितीत सारी नोकरी कापसाच्या काट्याजवळ काढलेले तिचे सासरे. त्यांना जगातली कुठलीही वस्तू आधी वजनाने कळायची, मग नावाने. वर्षालीला पाहायला आले तेव्हाही चहा पिता पिता बायकोच्या कानात म्हणाले होते, "पोरगी चांगली हाये, पन भरत नाई." ते कान सोडून सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

आता अडलं होतं ते सीडी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. समुद्रपूरहून मधल्या बहिणीचा, भागाबाईचा, फोन आला होता. थोरली अनुसयाबाई गेल्या हिवाळ्यात गेली.

"अण्णा, बाईचा चेहरा फोटोत हाये," भागाबाई म्हणाली. "आवाज कुठी पाहू? इसरून राह्यली मी तिचा आवाज."

"कोजागिरीले घेऊन येतो," अण्णाजी बोलून गेले.

आवाज होता. घरातल्या जुन्या संगणकात होता. तो संगणक गल्लीत पहिला आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून तो पाहायला यायचे. जयवंताबाईंनी, म्हणजे अण्णाजींच्या बायकोने, ब्लाउजपिसाची झालर लावून त्याला झबलं शिवलं होतं. दसऱ्याला त्याच्या कीबोर्डवर सोनं वाहिलं जायचं, आणि मग दिवाळीपर्यंत बटणांच्या फटीतून आपट्याची पानं निघायची. त्याच वर्षी अनुसयाबाई माहेरपणाला आली, गल्लीतल्या पोरी जमवल्या आणि भुलाबाईची, म्हणजे आपल्याकडच्या भोंडल्याची, गाणी माइकात म्हटली. मग प्रत्येकीने स्वतःचा आवाज ऐकला आणि "हा माहा नाई बाप्पा" म्हणून साफ नाकारला. तेव्हा यंत्र माणसांच्या मधोमध बसायचं. आता एकेक माणूस आपापलं यंत्र घेऊन कोपऱ्यात बसतो आणि त्याला प्रगती म्हणतात.

"मोबाइलवर पाठवून द्या ना," वर्षालीने सुचवलं होतं. पण कुणा भामट्याने बँकेचं नाव सांगून घाबरवल्यापासून भागाबाईने लेकाने दिलेला मोबाइल तांदळाच्या कोठीत पुरून ठेवला होता. तिच्याकडे बोलायला जुना बटणांचा फोन आणि ऐकायला नवऱ्याच्या वेळचा सीडी प्लेअर. म्हणजे सीडीच पाहिजे. ज्या शहाण्याने नव्या संगणकाचं सीडीचं तोंड शिवून टाकलं, त्याच्या घरी म्हातारी बहीण नसावी.

अण्णाजींच्या संगणकाला तोंड होतं, पण मुलाने मागे तो पुसून नव्याने भरला होता. गाणी वाचली, सीडी लिहिणारं सॉफ्टवेअर गेलं. नवं शोधायला बसले, तर इंटरनेटवर ही झुंबड. सगळ्यांवर 'फुकट' लिहिलेलं. एक आधी ईमेल मागत होतं, दुसरं कार्डाचा नंबर, तिसऱ्याने काही न मागता घरात पाऊल टाकलं आणि पडद्यावर वजन कमी करायच्या चूर्णाची जाहिरात लावून बसलं. एवढं फुकट आपल्याकडे निवडणुकीतच मिळतं, आणि पस्तावाही तेवढाच होतो.

"मामाजी, हे घ्या," वर्षाली म्हणाली. "लहानसं हाये, साधं हाये. गाणे टाका, सीडी काढा, बस."

"किती एमबी?"

"चार."

"चार!" अण्णाजी हसले. "अवं, चारात काय मावते? चिमूटभर सरकी नाई मावत. अन् हे खालचं?"

"थे हजाराच्या वर हाये. पन त्यात फोटो, पिक्चर, काय काय कोंबलं हाये. आपल्याले नाई लागत थे."

"ज्याच्यात माल हाये, थेच भरते. हेच घे."

जयवंताबाई दाराशी तुरीच्या डाळीतले खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काहो, पानी मारलेला कापूसबी भरतेच ना काट्यावर?"

वर्षाली पाणी प्यायला आत पळाली. अण्णाजींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. नोकरीतही हेच एक कसब त्यांना उत्तम साधलं होतं.

ते जड सॉफ्टवेअर दुपारभर उतरत राहिलं. संगणक दम्याच्या माणसासारखा धापा टाकत होता. तेवढ्या वेळात अण्णाजी कोरी सीडी आणायला बाजारात गेले. मोबाइलच्या दुकानातल्या पोरांनी त्यांच्याकडे दौत-टाक मागायला आल्यासारखं पाहिलं. शेवटी फोटो स्टुडिओवाल्या प्रेमदासने ड्रॉवर उपसला.

"एकच हाये, काकाजी. बाकीच्या लोकायनं नेल्या, शेतात पाखरं भेवाडाले टांगल्या."

ती एक सीडी अण्णाजींनी अंड्यासारखी घरी आणली. सॉफ्टवेअर उघडलं. गाण्यांची फाइल टाकली. शेवटचं बटण दाबण्याआधी बारीक अक्षरांचा एक मोठा कागद पडद्यावर आला. शेतकऱ्यांकडून न वाचता सह्या घेण्यात हयात गेलेल्या अण्णाजींनी स्वतःही न वाचता 'मान्य' दाबलं.

सीडी निघाली. घालून पाहिली, अनुसयाबाईचा आवाज आला. अण्णाजींनी लगेच बाहेर काढली.

"पुरी ऐका ना," जयवंताबाई म्हणाल्या.

"घासते उगाच."

कोजागिरीला वर्ध्याला एसटी बदलून ते समुद्रपूरला पोचले. भागाबाईच्या ओसरीत पाटावर मातीची भुलाबाई मांडली होती. गल्लीतल्या बायका, पोरी जमल्या होत्या. भागाबाईने डोक्यावर पदर घेतला, सीडी प्लेअरसमोर बसली, आणि इतक्या वर्षांत कधी काढली नव्हती ती गोष्ट आत्ता काढली.

"अण्णा, गाने भरले त्या साली तुमी माह्यासाठी थांबलेच नाई. मी यष्टीतून उतरून धावत धावत आली, तं तुमचं गानं सुरू होऊन गेलतं."

खरंच होतं. अण्णाजींनी सीडी लावली.

आधी खरखर. मग अनुसयाबाई, जशीच्या तशी.

"भागी कुठी हाये?"

"येईल वं बाई. तू सुरू कर," हा तेव्हाच्या अण्णाजींचा आवाज.

"थे आल्याबिगर मी तोंड उघडत नाई. म्हैस कुठची! शाळेत जायाचं तं हिची रिबिन सापडत नाई. माह्या लग्नात अक्षता पडल्यावर आली थे!"

सीडीतल्या पोरी हसल्या. ओसरीतल्याही हसल्या. हे अण्णाजींनी त्या दिवसानंतर कधी ऐकलंच नव्हतं. ते नेहमी पुढे सरकवून गाण्यापासून लावायचे.

"बाई, पोट्ट्या ताटकळून राह्यल्या," सीडीतले अण्णाजी म्हणाले.

"राहू दे. अर्धं गानं तिच्यापाशी हाये माहं. एकटीनं काय म्हनू? अन् तू थे बटन दाबलं तं नाई?"

"नाई बाई."

असं पाच मिनिटं चाललं. भागीचा आळस, भागीचा विसराळूपणा, भागीने फोडलेली बरणी. मग "बरं, म्हना तं म्हना, थे येईनच मांगून," असं अनुसयाबाई म्हणाली, गाण्याला श्वास घेतला, आणि टण्‌ असा आवाज होऊन एक परकी बाई इंग्रजीतून बोलू लागली. फुकटात पाच मिनिटंच मिळतात, पुढचं हवं तर पैसे भरा, असं तिचं गोड आवाजात म्हणणं होतं.

"हे कोन होय वं?" कुणीतरी विचारलं.

अण्णाजींचा चेहरा उतरला. "बाई, घात झाला. गाने राह्यले. नुसत्या शिव्याच आल्या. मी दुसरी सीडी आनतो, कुठूनबी आनतो..."

भागाबाई प्लेअरकडे पाहत होती.

"मले म्हैस म्हने," ती म्हणाली.

"बाई, तू मनावर..."

"अन् अक्षता पडल्यावर कुठी आली मी? आधीच आलती! खोटं बोलून राह्यली थे." तिने पदराने डोळे पुसले, नाकही पुसलं. "लाव पुन्हा."

अण्णाजींनी लावली. या वेळी भागाबाई गप्प बसली नाही. अनुसयाबाई म्हैस म्हणाली की ही म्हणायची, "तू मोठी गाय!" रिबिनीवर म्हणायची, "तूच लपवत होती!" बरणीचं खापर तर तिने सरळ अण्णाजींवरच फोडलं. सीडी संपली की ती पुन्हा लावायला सांगायची, आणि दर वेळी नवं काहीतरी आठवून तयार बसायची. समोरची अनुसयाबाई तर हटायला तयारच नव्हती.

ओसरीतल्या पोरी चुळबुळू लागल्या. शेवटी एकीने धीर करून विचारलं, "आजी, भुलाबाईचे गाने कवा म्हनाचे?"

"थांबा वं जरा," भागाबाई मागे न पाहता म्हणाली. "बाईचं बोलनं होऊ द्या."